काम उरकलं, चुकारा बाकी

रोजगार हमीची मजुरी वेळेवर दिली नाही तर सरकारला दंड बसतो. ही गोष्ट ज्यांना ठाऊक आहे, त्यांनीही तो दंड मागायचं बहुधा सोडून दिलेलं असतं. कारण त्याचा आकडा. हजेरीपट बंद झाल्यावर पंधरा दिवस सरकारला सवलत. सोळाव्या दिवसापासून थकलेल्या रकमेवर रोज ०.०५ टक्के भरपाई. २०२५-२६ साली महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठवड्याचे सहा दिवस भरले की १,८७२ रुपये. त्यावर एका दिवसाचा दंड झाला चौऱ्याण्णव पैसे, महिनाभराचा अठ्ठावीस रुपये. गावाहून तालुक्याला जाऊन बँकेत चौकशी करून यायचं, तर त्यात जाण्यायेण्याचं भाडंही सुटायचं नाही.

बरं, मजुरी येत नाही म्हणून घर काही थांबत नाही. किराणा उधारीवर येतो, नाहीतर बचत गटातून पैसे उचलावे लागतात. गटाचं व्याज महिन्याला शेकडा दोन रुपये म्हटलं तरी ते सरकारी दंडाहून जास्त, कारण दंड पडतो महिन्याला दीड टक्का. म्हणजे मजुराने सरकारला दीड टक्क्याने पैसे वापरायला द्यायचे आणि स्वतः दोन टक्क्यांनी काढायचे. तेही दंड मिळाला तर. खासगी ठेकेदाराकडे एवढंही नसतं. त्याला मजूर बिनव्याजी पोसतो.

चंद्रपूर जिल्ह्यातला सावली तालुका हे सगळं पाहायला बरा. बरा अशासाठी, की मजुरी थकण्याचे जवळपास सगळे प्रकार इथे एकाच घरात, एकाच वर्षात दिसू शकतात. मूलहून गडचिरोलीकडे निघालं की सावली लागतं, पुढे व्याहाड, मग वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. मुलूख झाडीपट्टीचा, धानाचा. पाथरीजवळ आसोलामेंढ्याचा ब्रिटिश काळातला मोठा तलाव, गावोगाव मालगुजारांच्या वेळचे मामा तलाव आणि बोड्या. पीक बहुतांशी एकच, त्यामुळे हाताला कामही तुकड्यातुकड्याने. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग चुरणा, म्हणजे मळणी. जानेवारी लागला की टोळ्या तेलंगणात मिरची तोडायला जातात. जे मागे राहतात ते रोजगार हमीच्या मजगीवर (धानाच्या बांध्या घालण्याच्या कामावर), पांदण रस्त्यावर किंवा तलावातल्या गाळावर. मे महिन्यात तेंदूपत्ता. मग पुन्हा पाऊस.

या कामांची मजुरी कधी मिळते हे शेजारी शेजारी मांडून पाहिलं की एक गोष्ट ठळक दिसते. रोवणीची मजुरी सहसा थकत नाही. पऱ्हे वाढून गेलेले असतात, बांधीत पाणी उभं असतं, चार दिवस उशीर झाला तर हंगाम हातचा जातो. बायांचा गट उद्या दुसऱ्याच्या बांधीत उतरू शकतो हे शेतकऱ्याला माहीत असतं. तो एरवी कितीही चिकट असो, त्या आठवड्यात पैसे काढतो. तोच शेतकरी, त्याच बाया, पण काम चुरण्याचं असलं की उत्तर बदलतं: धान विकला की देतो. धान खरेदी केंद्रावर जातो, तिथला चुकारा अडकतो, आणि केंद्रावरून शेतकऱ्याला न आलेला पैसा शेतकऱ्याकडून मजुराला येत नाही. इथे शेतकऱ्याची लबाडी असतेच असं नाही. पण पीक घरात आलेलं असतं, आणि मजुराच्या हाती अडवून धरण्यासारखं काही उरलेलं नसतं.

मजुरी थकण्याचं मूळ माझ्या मते इथे आहे. काम अडलेलं असतं तोवर पैसा निघतो. काम उरकलं की मजुरी ही मालकाच्या सवडीची बाब होते. कायदे पुष्कळ झाले. त्यातले जे मजुराच्या हातात काही अडवण्याजोगं ठेवतात ते चालले, बाकीचे कागदावर राहिले.

मिरचीच्या टोळीचंच घ्या. मुकादम गावातलाच, बहुतेकदा नात्यातला. तो थोडी उचल देतो, गाडी ठरवतो. तोडणी किलोवर. संध्याकाळी मिरची मोजून झाली की आकडा वहीत चढतो, आणि ती वही मुकादमाची. आठवड्याच्या बाजाराला खर्चापुरते पैसे मिळतात, बाकीचा हिसाब निघताना. आता हंगाम संपल्यावर टोळी परमुलखात, भाषा तेलुगू, परतीची गाडी दारात उभी. शेतमालक म्हणतो, माल विकला की पाठवतो. अशा वेळी कोण भांडत बसणार? पोरंबाळं सोबत असतात, म्हातारी गावी असते, तेंदूचा हंगाम तोंडावर आलेला असतो. मजूर गाडीत बसतो आणि सगळी भिस्त मुकादमावर टाकतो. पुढे गावात मुकादमाशी अबोला होतो, सोयरिकी तुटतात, आणि ज्याने पैसे बुडवले तो दोनअडीचशे किलोमीटरवर सुखात असतो. मुकादमही काही वेळा खरोखर फसलेला असतो. पण वही त्याच्याकडे होती, म्हणून बोल त्याला.

वेळेवर मजुरीची मागणी महाराष्ट्रात फार जुनी आहे, आणि ती एका मराठी माणसाने प्रथम चारचौघांत कलमबद्ध मांडली. सत्यशोधक कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांची सभा भरवली. तिथल्या मागण्यांचा अर्ज साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनी फॅक्टरी कमिशनकडे गेला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या तासांना मर्यादा या मागण्या आज सगळ्यांना आठवतात. रविवारची सुट्टी १८९० साली मिळालीही. त्याच अर्जातल्या आणखी एका मागणीकडे मात्र सहसा कुणाचं लक्ष जात नाही: महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा.

म्हणजे तेव्हा तोही मिळत नव्हता. गिरणी मालकांना पगार मागे ठेवण्याचा दुहेरी फायदा होता. पैसा तेवढे दिवस वापरायला मिळे, आणि कामगार बांधलेला राही. सोडून जायचं तर मागचे पंधरावीस दिवस बुडतील या धाकाने तो जात नसे. मधल्या दिवसांत चाळीतल्या वाण्याची उधारी, नाहीतर काठी घेऊन पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाशी उभा राहणारा पठाण सावकार. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशनने १९३१ साली अहवाल दिला, तेव्हा कामगाराच्या कर्जबाजारीपणात उशिरा मिळणाऱ्या पगाराचा वाटा सरकार दरबारी मान्य झाला. त्यानंतर आला १९३६ चा वेतन प्रदान कायदा. हजाराहून कमी कामगार असतील तर पगार सातव्या दिवसाआधी, जास्त असतील तर दहाव्या दिवसाआधी. परळच्या सभेपासून कायद्यापर्यंत बावन्न वर्षं गेली. आणि उशीर केल्याबद्दल भरपाई? मूळ कायद्यात जास्तीत जास्त दहा रुपये.

१९३६ हे साल सावलीसाठीही महत्त्वाचं. त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात गांधी सेवा संघाचं संमेलन सावलीत भरलं होतं. गांधीजी आले होते. अध्यक्ष किशोरलाल मश्रूवाला. चांदा जिल्ह्यातल्या या आडगावाची निवड झाली, कारण सावली हे चरखा संघाचं खादी उत्पादनाचं केंद्र होतं. त्याआधी काही महिनेच, ऑक्टोबर १९३५ मध्ये वर्ध्याला चरखा संघाने एक अवघड निर्णय घेतला होता: कातणाऱ्या बाईला जगण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, मग खादी महाग झाली तरी चालेल. तोवर दिवसभराच्या कताईचा आणा-दीड आणा पडे. गांधीजींच्या मनात आठ तासांचे आठ आणे होते. सुरुवात तीन आण्यांपासून झाली. खादी विकणारे कुरकुरले, गिऱ्हाईक तुटेल म्हणाले. गांधीजी हटले नाहीत.

चरखा संघाचा प्रश्न मजुरीच्या दराचा होता, वेळेचा नव्हे. पण मालक म्हणवणाऱ्या संस्थेने धंद्याच्या तोट्याआधी मजुरी धरली, याचं सावली हे उदाहरण. दोनच महिन्यांनी, एप्रिल १९३६ मध्ये, वेतन प्रदान कायद्याला मंजुरी मिळाली. त्यात कारखाने होते, रेल्वे होती. सूत कातणारी बाई नव्हती, आणि धानाच्या बांधीत वाकलेली तर नव्हतीच.

शेतमजुराला वेळेवर मजुरीचा कायदेशीर हक्क खऱ्या अर्थाने मिळाला तो सरकार स्वतः त्याचं मालक झाल्यावर. वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात करून पाहिली होती. १९७२ च्या दुष्काळाने ती राज्यभर नेली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. ती चालवायला शहरी पगारदारांवर व्यवसाय कर बसला. अनेकांच्या पगारपत्रकात दरमहा कापले जाणारे दोनशे आणि फेब्रुवारीतले तीनशे रुपये मुळात या हमीसाठीचे. कापणारा खात्यावरून वेळेवर कापतो. एका महिन्याचीही चुकामूक नाही.

२००५ च्या केंद्रीय कायद्याने मजुरी दर आठवड्याला, फार तर पंधरवड्याच्या आत देण्याचं बंधन घातलं. ती या कायद्याखाली कशी प्रवास करते ते सांगितल्याशिवाय उशीर नेमका कुठे होतो हे कळणार नाही. मजगीच्या कामावर सकाळी ग्रामरोजगार सेवक मोबाइलवर हजेरीचा फोटो काढतो. १ जानेवारी २०२३ पासून हे सक्तीचं झालं, दिवसातून दोनदा, ठिकाणाच्या नोंदीसह. जंगलाकडेच्या गावात नेटवर्क झाडावर चढून मिळत असेल तर मिळेल. फोटो गेला नाही तर हजेरी नाही, मग फावडं कितीही चालवलेलं असो. आठवडा संपला की हजेरीपट बंद. तांत्रिक सहाय्यक येऊन माती मोजतो, मोजमाप पुस्तिकेत घनमीटर लिहितो. तो एक, गावं अनेक, त्यामुळे मोजणी लांबते. पुढे पंचायत समितीत नोंद, मग दोन अधिकाऱ्यांच्या डिजिटल सह्या, आणि पैसे पाठवण्याचा आदेश संगणकावर तयार. इथवरचा पल्ला राज्याचा, त्याला आठ दिवस. पुढचा पल्ला दिल्लीचा, त्याला सात.

दंडाची खरी मेख या दोन पल्ल्यांमध्ये आहे. उशीर मोजला जाई तो पहिल्या पल्ल्याचा. दिल्लीत आदेश महिनाभर पडून राहिला तर तो उशीर हिशेबातच धरला जात नसे. अभ्यासकांनी दहा राज्यांमधले नव्वद लाखांहून अधिक व्यवहार तपासले, तेव्हा २०१६-१७ साली वेळेवर पोचलेली मजुरी फक्त २१ टक्के निघाली. केंद्राच्या पल्ल्यालाच सरासरी पन्नासहून जास्त दिवस लागत होते. ऑगस्ट २०१७ मध्ये अर्थ मंत्रालयाच्याच एका टिपणात निधीअभावी उशीर होत असल्याची कबुली होती. स्वराज अभियानाच्या याचिकेवर १८ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उशिराची भरपाई हा मजुराचा हक्क आहे, आणि सरकारी यंत्रणेतली अडचण तिने आपसात सोडवावी. निकाल चांगला. पण मजुराने अडवून धरावं असं त्यातही काही नव्हतं. मजगी बांधून झाली. आता काय, माती उकरून पुन्हा शेतात टाकायची?

पैसे निघाले तरी ते कुठे उतरले हा वेगळा शोध. १ जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारवर आधारित पद्धतीने जाते. म्हणजे खाते क्रमांक पाहिला जात नाही, ज्या बँकेला आधार शेवटचं जोडलं गेलं तिथे पैसे जातात. पोराच्या शिष्यवृत्तीसाठी, गॅससाठी, कुठल्या कर्जगटासाठी उघडलेली खाती एकेका बाईच्या नावावर दोन-तीन असतात. बँकमित्राच्या टेबलाशी होणारं बोलणं साधारण असं:

“पैसे आले का जी भाऊ?”

“या खात्यात तं नाही दिसत, मावशी. आधार कोनत्या बँकेले जोडलं हाये?”

“मले का मालूम? मागं तं याच बुकात येत होते.”

“मंग दुसऱ्या बँकेत गेले असतीन. तेथचं बुक घेऊन या.”

ते दुसरं बुक कुठे आहे, मुळात मिळालं होतं का, हे आठवत ती घरी जाते. सरकारच्या दफ्तरी मात्र मजुरी ‘अदा’ झालेली असते. जॉबकार्डावर ‘सुमन’, आधारवर ‘सुमनबाई’, एवढ्यानेही पैसा परत फिरतो. एका अक्षराची दुरुस्ती करायची तर रोजी बुडवून तालुक्याला. इतक्या काटेकोर यंत्रणेने निदान चोरी तरी थांबावी. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना कळवलं की हजेरीच्या ॲपवर भलतेसलते फोटो, फोटोंचेच फोटो चढवले जात आहेत. चोराला पकडण्यासाठी लावलेलं जाळं मजुरालाच लागलं, मासे निसटले.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. शंभराऐवजी सव्वाशे दिवसांची हमी, आणि मजुरी देण्याचा शब्द तोच: आठवड्याला, फार तर पंधरवड्यात. बदल आहे तो पैशाच्या वाट्यात. जुन्या कायद्यात अकुशल मजुरीचा सगळा भार केंद्रावर होता, नव्या रचनेत महाराष्ट्रासारख्या राज्याला चाळीस टक्के उचलावे लागणार. म्हणजे एकाऐवजी दोन तिजोऱ्या. राज्याच्या तिजोरीची गत २०२५ साली सरकारी कामांच्या ठेकेदारांनी रस्त्यावर येऊन सांगितलीच होती. केलेल्या कामांची बिलं निघत नाहीत, ही त्यांची तक्रार. सावलीसारख्या ठिकाणी ती मजुराच्या कानावर वेगळ्या शब्दांत येते: “बिल निघालं नाही, थांबा.”

हे वाक्य कालव्याच्या कामावर ऐकू येतं, रस्त्यावर ऐकू येतं, सरकारी दवाखान्यात झाडू मारणाऱ्यालाही. ठेकेदार सांगतो सरकारने दिलं नाही, सरकारी अधिकारी सांगतो आमचा करार ठेकेदाराशी. दोघंही खरं बोलत असतील, पण कायद्याने दोघांनाही ही पळवाट ठेवलेली नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात साफ लिहिलेलं होतं की ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने द्यावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी. नव्या कामगार संहितांमध्येही हे तत्त्व कायम आहे. म्हणून तक्रार अर्जावर फक्त ठेकेदाराचं नाव घालणं ही अर्धी लढाई आधीच हरणं आहे. काम कुणाचं होतं, कुठल्या खात्याचं, हे नाव अर्जात आलंच पाहिजे.

चंद्रपूरने याचा मोठा धडा २०२१ साली पाहिला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालयातल्या सुमारे पाचशे कंत्राटी कामगारांचे पगार कित्येक महिने थकले होते. कोविडचा काळ. याच लोकांसाठी टाळ्या-थाळ्या वाजवून झाल्या होत्या. फेब्रुवारीत त्यांनी मुलाबाळांसह तंबू ठोकला, आणि ते ‘डेरा आंदोलन’ म्हणून ओळखलं गेलं. मागण्या दोन, थकलेला पगार आणि किमान वेतन. वॉर्डात रुग्ण असताना काम अडवणं सोपं नाही, आणि नैतिक ओझंही कामगारावरच पडतं. पगार थकवणाऱ्याला ते कुणी विचारत नाही.

या भागात मजूर संघटित नव्हते असं नाही. मूल, सावली, सिंदेवाही पट्ट्यात पारोमिता गोस्वामी यांच्या ‘श्रमिक एल्गार’ने मजुरी आणि जमिनीच्या पट्ट्यांचे प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरले. संघटनेचा मोर्चा तहसीलवर आला की अडकलेले हजेरीपट सापडतात, सह्या होतात. एकट्या माणसाच्या अर्जाला मात्र आवक क्रमांकही मिळता मिळत नाही.

तेंदूपत्त्याकडे वळतो, कारण अडवून धरण्याची सगळ्यांत मोठी ताकद तिथे मजुरांच्या हाती आली, आणि निसटलीही. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. पहाटे जंगलात, दुपारी घरभर बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. मुन्शी मोजताना वरचे चार-दोन पुडे ‘खराब’ म्हणून बाजूला टाकतो ती गोष्ट निराळी. सावलीच्या बाजूला हा व्यवहार वनखात्यामार्फत चालतो. संकलनाची मजुरी आधी, आणि लिलावातून आलेल्या रकमेचा बोनस मागाहून, पुढच्या वर्षी किंवा त्याच्याही पुढे. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत पेसा आणि वनहक्क कायद्यांमुळे २०१३ नंतर अनेक ग्रामसभा स्वतःच लिलाव करू लागल्या. ग्रामसभा मालक, व्यापारी गिऱ्हाईक. गावाच्या खात्यात कधी नव्हे एवढा पैसा आला.

२०१७ च्या हंगामात बोली अवाच्या सवा चढली. त्याच जुलैत जीएसटी आला, तेंदूपानावर १८ टक्के आणि विडीवर २८. पुढे भाव कोसळला. ज्या व्यापाऱ्यांनी चढ्या दराने करार केले होते त्यांनी हात आखडले, आणि कितीतरी ग्रामसभा थकबाकीसाठी व्यापाऱ्यांच्या आणि कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिल्या. गडचिरोलीत या थकबाकीवर बैठका झाल्या, निवेदनं गेली. चूक शोधायची तर ती एका ठिकाणी सापडते. वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेचा होता. सगळी रक्कम हाती येण्याआधी परवाना दिला, गोण्या ट्रकमध्ये चढल्या, आणि पानं जिल्ह्याबाहेरच्या गोदामात पोचल्यावर ग्रामसभेपाशी करारनाम्याचा कागद तेवढा राहिला.

हा परवाना काय चीज आहे हे धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने आधीच ओळखलं होतं. सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर २००९ साली सामूहिक वनहक्क मिळूनही बांबू बाहेर नेऊ देईनात, कारण वाहतूक परवाना वनखात्याच्या हाती. गाव अडून राहिलं. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक गावाचे पुढारी देवाजी तोफा यांच्या हाती दिलं. बातम्यांमध्ये त्याचं वर्णन हक्क, स्वराज्य असं झालं, ते बरोबरच. पण मजुरीच्या अंगाने पाहिलं तर त्या पुस्तकाचा अर्थ साधा होता: आता पैसे आल्याशिवाय ट्रक हलणार नाही, हे ठरवणं गावाच्या हातात आलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव त्याच वाटेने गेलं. २०१२ साली सुमारे हजार हेक्टरवर हक्क, बांबूची तोड आणि विक्री ग्रामसभेची, मजुरीही तिच्याच हातून. तेंदू तोडायचाच नाही असं पाचगावने ठरवलं. पानासाठी झाडांची होणारी छाटणी जंगलाला आणि टेंभराच्या, म्हणजे तेंदूच्या, फळांना मारक, हे त्यांचं कारण. व्यापाऱ्याच्या मागे फिरण्याचा प्रश्नही त्यासरशी मिटला.

सगळ्यांना मेंढा-पाचगाव होता येत नाही. सावलीतल्या ज्या मजुराचे ठेकेदाराकडे सहा आठवडे अडकले आहेत, त्याने काय करावं? पहिली गोष्ट वहीची. मुकादमाची वही मुकादमापाशी राहू दे, आपली वेगळी हवी. चाळीस पानी, शाळेची चालेल. तारीख, कामाचं ठिकाण, कोण सोबत होतं, किती मिळाले, किती बाकी. टोळीतल्या दोघांतिघांच्या वह्या जुळल्या तर त्यांचं वजन फार वाढतं. मुकादमाचा व्हॉट्सॲपवर आलेला “पुढच्या आठवड्यात करतो” हा आवाजी निरोप पुसू नये. बाकी असल्याची ती कबुलीच आहे. कामावरचा सेल्फी, ज्यात मागे फलकावर कामाचं आणि खात्याचं नाव दिसतं, तोही जपून ठेवावा. तोंडी मागणी शंभरदा झाली असली तरी एकदा लेखी करावी, आणि पोच घ्यावी. रोजगार हमीत काम मागतानाही नमुना ४ चा अर्ज आणि त्याची पोचपावती, हाच सगळ्याचा पाया. पावती नसली तर दफ्तरी तुम्ही काम मागितलेलंच नसतं.

दुसरी गोष्ट कायद्याची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आणि १९३६ चा कायदा तिच्यात विरघळला. एक मोठा फरक पडला. जुना कायदा ठरावीक आस्थापनांपुरता आणि ठरावीक पगारापर्यंतच होता, नवा सगळ्या कामगारांना लागू आहे. रोजंदारीची मजुरी पाळी संपताना, आठवड्याची सुट्टीआधीच्या दिवशी, पंधरवड्याची पंधरवडा संपल्यावर दुसऱ्या दिवसाच्या आत, महिन्याची पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसाआधी. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशेब. दावा करायला पूर्वी वर्षभराची मुदत होती, आता तीन वर्षांची. मूळ रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देववता येते. १९३६ च्या दहा रुपयांवरून इथवर यायला नव्वद वर्षं लागली. अर्थात दहापट लिहिणं निराळं आणि देववणं निराळं. अशा दाव्यांत तडजोड बहुधा मूळ रकमेवरच होते, आणि मजूर तेवढ्यावर समाधान मानतो.

राहिला प्रश्न जायचं कुठे. सावलीहून गडचिरोली हाकेवर आहे, पण गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा जिल्हा झाला आणि सावली चंद्रपुरात राहिलं. कामगार खात्याचं कार्यालय चंद्रपूरला, मूल ओलांडून साठेक किलोमीटर. एका तारखेला एक रोजी आणि बसचं भाडं. साहेब दौऱ्यावर असले की दोन. अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, आणि त्याचा अर्ज तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे देता येतो. तेवढ्यासाठी चंद्रपूर गाठायची गरज नाही. शिवाय संहितेने एकाच मालकाकडच्या कितीही कामगारांना मिळून एकच अर्ज करण्याची मुभा दिली आहे, संघटनेलाही त्यांच्या वतीने करता येतो. टोळीतल्या बारा जणांचा एक अर्ज असला की प्रत्येक तारखेला आलटून पालटून दोघं गेले तरी चालतं, बाकीचे दहा कामावर राहतात.